मंचामागचे काम : प्रदर्शनाचे दालन आणि मैफलीचे छायाचित्र

या शाळेच्या वसतिगृहात एकाच खोलीत वाढलेले आम्ही दोघे आज महापे येथील औद्योगिक वसाहतीत एका भाड्याच्या गाळ्यातून व्यवसाय करतो. एकाकडे व्यापारी प्रदर्शनांतील स्टॉल उभारण्याचे काम आहे, तर दुसऱ्याकडे गाण्याच्या कार्यक्रमांचे छायाचित्रण. पालक भेटले की हमखास विचारतात, ‘तुम्ही नेमके करता काय, आणि त्यावर घर चालते काय?’ स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

महापे, रबाळे, पावणे, तुर्भे हा ठाणे-बेलापूर पट्टा कारखान्यांचा. वाशी रेल्वे स्थानकाजवळ सिडकोचे प्रदर्शन केंद्र आहे आणि गोरेगावला नेस्को संकुलातील मोठी दालने आहेत. म्हणून सुतारकाम व रंगकाम गाळ्यात करावयाचे आणि तयार भाग टेम्पोने दालनात नेऊन जोडावयाचे, ही पद्धत आम्हांस सोयीची पडते.

प्रेक्षक प्रदर्शन पाहतो ते तीन-चार दिवस. आमचे प्रदर्शन त्याआधी सुरू होते आणि नंतर संपते. सर्वांत साधा स्टॉल तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद, म्हणजे नऊ चौरस मीटरचा असतो. उभारणीसाठी बहुधा एक-दोन दिवस आणि त्यांमधील रात्री मिळतात. प्रथम जमिनीवर आखणी, मग लाकडी तळ, त्याखालून विजेच्या तारा, नंतर भिंती, रंग, दिवे व छापील चित्रे असा क्रम असतो. गालिचा आधी अंथरला, तरी त्यावरील प्लास्टिक शेवटच्या रात्रीच काढतात. अन्यथा भुसा व रंग यांनी तो उद्घाटनापूर्वीच खराब होतो. विजेचा भार किती लागेल हे आयोजकांना आधी कळवावे लागते. ऐन वेळी एखादे यंत्र वाढले की सर्किट ब्रेकर पडतो आणि शेजारचे स्टॉलही अंधारात जातात. अखेरच्या संध्याकाळी पाहुणे बाहेर पडले की काही तासांत सारे उतरवावे लागते. सर्वाधिक अपघात याच घाईत होतात. म्हणून जाड तळव्याचे बूट व शिरस्त्राण यांवाचून आमचा एकही माणूस शिडीवर चढत नाही.

आता दुसरे काम. नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर डिसेंबर २०१९ मध्ये ‘यू टू’ आणि जानेवारी २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ या जगप्रसिद्ध वाद्यवृंदांचे कार्यक्रम झाले. तेथील मंचासमोर उभे राहण्याचा पास आमच्यासारख्यांच्या वाट्याला येत नाही. आमचे शिक्षण झाले ते एप्रिल महिन्यातील भीमगीतांच्या मंचांसमोर, जेथे एक पिवळा दिवा गायकाच्या डोक्यावर आणि बाकी सारा अंधार असे.

मोठ्या कार्यक्रमांत छायाचित्रकारास बहुधा पहिली तीन गाणी मिळतात आणि फ्लॅशला मनाई असते. गायक हलत असतो, म्हणून शटरचा वेग सेकंदाचा अडीचशेवा भाग वा त्याहून जलद ठेवावा लागतो; त्यासाठी एफ २.८ सारखी मोठ्या छिद्राची लेन्स आणि ३२०० च्या आसपास आयएसओ लागतो. प्रकाशाचे मोजमाप चेहऱ्यावरून घ्यावे, काळ्या पार्श्वभूमीवरून घेतल्यास चेहरा पांढराफटक होतो. अगदी समोर उभे राहिल्यास माइक ओठ झाकतो, म्हणून थोडे बाजूस सरकावे. मागे एलईडी पडदा असेल तर जलद शटरमुळे त्यावर पट्टे उमटतात. तेव्हा वेग थोडा कमी करावा.

कानांची काळजी हा या धंद्यातील दुर्लक्षित विषय आहे. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करणे ही अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेने सुचविलेली मर्यादा आहे, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. स्पीकरजवळ उभे राहणाऱ्याने कानात बोळे घातलेच पाहिजेत.

घर चालते काय, याचे उत्तर मात्र एका चुकीपासून द्यावे लागेल. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी एका ग्राहकाने उभारणीच्या रात्री तोंडी सांगून स्टॉलमध्ये बरेच बदल करवून घेतले. आम्ही ते केले. लिहून काही घेतले नाही. पुढे देयकाची निम्मी रक्कम ‘हे ठरलेच नव्हते’ म्हणून नाकारली गेली. सुतार व रंगारी यांची मजुरी थांबविणे आम्हांस मान्य नव्हते. छायाचित्रणाची आमची एकमेव चांगली लेन्स विकून ती दिली, आणि पुढील आठ महिने भाड्याच्या लेन्सवर काढले.

त्यानंतर आम्ही कायदा वाचला. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. विलंबावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. मात्र ‘उद्यम’ नोंदणी काम घेण्यापूर्वीच करावी. छायाचित्रांबाबतही असेच आहे : मोबदला घेऊन इतरांच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा हक्क, उलट करार नसल्यास, काम देणाऱ्याकडे जातो. आपले नाव व वापराचा हक्क हवा असेल तर तो आधी लिहून घ्यावा.

आता बदल कितीही लहान असो, मध्यरात्री का होईना, त्याची नोंद दराने लिहून ग्राहकाची सही घेतल्यावाचून करवत चालत नाही. घर चालते, पावसाळ्यात कामे कमी होतात, म्हणून हिवाळ्याची मिळकत राखून ठेवावी लागते.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या ज्या माजी विद्यार्थ्यांना हे काम पाहावयाचे असेल, त्यांनी शाळेच्या कार्यालयातून आमचा पत्ता घ्यावा. उभारणीची एक रात्र आमच्यासोबत काढावी आणि मगच निर्णय करावा. येताना बूट मात्र घालून यावे.