खुर्चीतून उठा... पाच वेळा!

मंडळी, बसून वाचताय ना? मग हात छातीशी दुमडा आणि आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. किती सेकंद लागले? यकृत प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णांनाही हेच करायला लावतात. डॉ. जेनिफर लाय आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेत मांडलेला 'लिव्हर फ्रेल्टी इंडेक्स' तीनच गोष्टी तपासतो : हाताची पकड, हे उठणं-बसणं आणि तोल.

यकृताचा मांड्यांशी काय संबंध? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनाही आधी कळेना! निरोगी यकृत साखर साठवतं आणि रात्रभर पुरवतं. आजारी यकृताची कोठी रिकामीच. त्यामुळे एका रात्रीत शरीराची अवस्था दोन-तीन दिवसांच्या उपवासासारखी होते आणि ते स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. (म्हणूनच अशा रुग्णांना झोपण्यापूर्वी काहीतरी खायला सांगतात; 'रात्री हलकंच जेवा' हा घरगुती सल्ला इथे उलटा पडतो.) अशक्तपणा फार वाढला तर शस्त्रक्रिया झेपत नाही आणि मिळू शकणारं यकृतही हातचं जातं.

आमच्या तांजोंग पगारहून आउट्रमचं जनरल हॉस्पिटल अगदी जवळ. पण धाप लागणारा माणूस व्यायामाला रोज तिथे जाणार कसा? तेव्हा व्यायामच घरी आणायचा. पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी याच रुग्णांसाठी 'एल-फिट' नावाचं ॲप केलं. रुग्णाच्या ताकदीप्रमाणे ते व्यायामाची पातळी ठरवतं.

आम्हीही शेजारच्या एका काकांसाठी शनिवार-रविवारी बसून छोटंसं ॲप केलं. व्यायाम फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेले, आमची फक्त आठवण आणि नोंद. पहिल्या आठवड्यात सगळे दिवस हिरवे! आम्ही खूश. मग काकूंनी सांगितलं, "अरे, ते सोफ्यावर पडूनच बटण दाबतात." चूक आमचीच. व्यायाम चुकला की आम्ही लाल फुली दाखवत होतो, आणि आजारी माणसाला आणखी एक नापासाचा शेरा कशाला हवा?

फुली काढून टाकली. त्याऐवजी रोज संध्याकाळी पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल ठेवला. आकडे काकू मोजतात, आम्ही लिहून घेतो. सुरुवातीला काका हातांचा आधार घेऊन दोनदाच उठायचे. सात आठवड्यांनी आधाराशिवाय पाच झाले, २१ सेकंदांत.

या पुस्तिकेच्या निधीतला आमचा वाटा आम्ही अशाच आणखी घरांसाठी फिजिओथेरपिस्टच्या फीकडे वळवायचं ठरवलंय. ॲप फुकटच आहे. संध्याकाळच्या कॉलसाठी मात्र माणसं हवीत. पाच मिनिटं देऊ शकत असाल तर कार्यक्रमाच्या दिवशी आम्हाला गाठा. काकांचं नाव अजून यादीत आहे.