मंदावलेला संगणक

शाळेतील जुना संगणक सुरू होण्यास पाच-सहा मिनिटे घेऊ लागला, की ‘हा म्हातारा झाला, भंगारात द्या,’ असे कोणीतरी म्हणतेच. परंतु यंत्र माणसासारखे थकत नसते. त्यातील गणित करणारा भाग, म्हणजे प्रोसेसर, पहिल्या दिवसाइतक्याच वेगाने काम करू शकतो. पंख्यात धूळ साचून तो तापला, तर मात्र जळू नये म्हणून आपली गती स्वतःच कमी करतो. ती धूळ वीज बंद करून मोठ्यांच्या देखरेखीखाली झाडावी.

मग विलंब होतो कोठे? रॅम हे संगणकाचे मेज, तर हार्ड डिस्क हे त्याचे कपाट. नवे प्रोग्रॅम वर्षागणिक अधिक जागा मागतात. मेज तेवढेच राहते. म्हणून वरचेवर कपाटाकडे धाव घ्यावी लागते, आणि हे कपाट तर फिरते! हार्ड डिस्कची तबकडी मिनिटास बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. हवी ती जागा सापडण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. आपल्यास हा काळ क्षुल्लक वाटेल. पण तेवढ्यात प्रोसेसर कोट्यवधी क्रिया उरकू शकतो. तो बिचारा ताटकळत बसतो.

रॅम वाढवावी आणि तबकडीऐवजी एसएसडी बसवावी, म्हणजे हा खोळंबा पुष्कळ कमी होतो. एसएसडीत फिरणारा भागच नसतो. मात्र डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर ती कोणत्याही क्षणी बंद पडण्याचा संभव असतो. अशा वेळी आतील निबंध, चित्रे व छायाचित्रे यांची प्रत आधी दुसरीकडे काढून घ्यावी.