संगणकाची उसनी स्मृती

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. तेथील विद्यार्थ्याला प्रवेश-अर्जासाठी गडचिरोली किंवा चंद्रपूर गाठता येत नाही. इंटरनेटवरूनच अर्ज भरावा लागतो. समजा, अर्जाचा शेवटचा दिवस आहे, शेकडो विद्यार्थी एकाच वेळी अर्ज उघडत आहेत, आणि महाविद्यालयाचा संगणक उत्तरच देईनासा झाला. असे का होते? आणि त्यावर उपाय कोणता?

लहान संस्था बहुधा स्वतःचा संगणक ठेवीत नाहीत. दूरच्या एखाद्या मोठ्या संगणकाचा लहानसा वाटा त्या भाड्याने घेतात. याला आभासी सर्व्हर म्हणतात. त्यावर बहुतेक वेळा युनिक्सच्या धर्तीची लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. १ जीबी स्मृतीचा वाटा स्वस्त पडतो, म्हणून तोच घेतला जातो. येथेच अडचणीचे मूळ आहे.

ओटा आणि माळा

स्वयंपाकघरातील ओटा लहान असतो. रोज लागणारे डबे आपण ओट्यावर ठेवतो आणि दिवाळीपुरता लागणारा सोऱ्या माळ्यावर टाकतो. संगणकाचेही तसेच आहे. जलद स्मृती हा त्याचा ओटा. ती भरत आली की काही काळ न वापरलेली माहिती तबकडीवरील राखीव जागेत हलवली जाते आणि लागेल तेव्हा परत आणली जाते. या माळ्याला ‘स्वॅप’, म्हणजे अदलाबदलीची जागा, असे नाव आहे.

ही कल्पना जुनी आहे. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकाच्या चुंबकीय कड्यांच्या स्मृतीत अवघे २,०४८ शब्द मावत. त्या काळी जलद स्मृती फार महाग होती. १९६२ साली मँचेस्टर विद्यापीठातील ‘ॲटलस’ संगणकाने यातून वाट काढली. त्याची जलद स्मृती १६,३८४ शब्दांची होती, तर फिरत्या चुंबकीय ढोलावर ९८,३०४ शब्द मावत. या दोहोंमधील अदलाबदल यंत्र आपणहून करी.

हजारात एक

मग माळा मोठा केला की झाले, असे वाटेल. थोडे गणित करू. जलद स्मृतीतून माहिती मिळण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या तबकडीवरून सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट वेळ लागतो. स्मृतीतील १,००० वाचनांना एकूण १०० मायक्रोसेकंद पुरतात. त्यांत फक्त एकदा तबकडीकडे जावे लागले, तर आणखी १०,००० मायक्रोसेकंदांची भर पडते. म्हणजे हजारात एका फेरीने काम सुमारे शंभरपट मंदावते! आजच्या घन-स्थिती साठ्याला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, असे धरले तरी वेळ दुप्पट होतोच.

यावरून मुख्य गोष्ट ध्यानात येते. माळा भरलेला असणे हा आजार नव्हे. सारखे माळ्यावर चढावे लागणे हा आजार आहे. सोऱ्या वर्षभर माळ्यावर राहिला तरी बिघडत नाही. पण मिठाचा डबा तेथे गेला, तर स्वयंपाक कसा व्हायचा?

निदान कसे करावे?

प्रथम ‘फ्री’ ही आज्ञा द्यावी. तिच्या उत्तरात ‘फ्री’ नावाच्या स्तंभातील आकडा लहान दिसला तर घाबरू नये. लिनक्स रिकामी स्मृती फायलींच्या प्रती ठेवण्यास वापरते. ‘अव्हेलेबल’ स्तंभ पाहावा.

स्वॅपच्या ओळीत शून्य असेल, तर माळाच नाही. लहान आभासी सर्व्हरवर हे पुष्कळदा आढळते. अशा वेळी स्मृती संपली की लिनक्सचा गाभा एखादी आज्ञावली सरळ बंद करतो. बहुधा जास्त स्मृती व्यापणारीचा, म्हणजे अर्ज साठवणाऱ्या डेटाबेसचाच, बळी जातो. संगणकाच्या नोंदींत तेव्हा ‘आऊट ऑफ मेमरी’ असे सापडते. उपाय म्हणून स्वॅपची फाइल तयार करावी. स्मृतीतील गुप्त मजकूरही तीत जाऊ शकतो, म्हणून ती इतरांना वाचता येऊ नये. ‘एमकेस्वॅप’ने ती सिद्ध करावी, ‘स्वॅपऑन’ने चालू करावी, आणि ‘एफएसटॅब’ या फाइलीत तिची नोंद करावी. नाहीतर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ती वापरात येत नाही.

स्वॅप असूनही संगणक रखडत असेल, तर ‘व्हीएमस्टॅट १’ अशी आज्ञा द्यावी. दर सेकंदाला एक ओळ येते. पहिली ओळ संगणक सुरू झाल्यापासूनची सरासरी असते, ती सोडून द्यावी. पुढील ओळींत ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे स्तंभ आत-बाहेर होणारी वाहतूक दाखवतात. ते बहुतांशी शून्य असतील, तर कारण दुसरीकडे शोधावे. सतत मोठे आकडे दिसले, तर ओटाच अपुरा आहे.

यावर खरा उपाय कामे मर्यादित करण्याचा. १,०२४ एमबीपैकी ४०० एमबी कार्यप्रणाली व डेटाबेसला लागतात आणि प्रत्येक अर्ज हाताळण्यास ५० एमबी लागतात, असे धरू. मग एका वेळी १२ अर्ज सुखाने हाताळता येतील. ३० अर्ज एकदम आत घेतले तर १,९०० एमबी लागतील आणि साऱ्यांचेच काम अडेल. बाराजणांना आत घेऊन बाकीच्यांना रांगेत ठेवले, तर रांगेतील शेवटच्या विद्यार्थ्याचाही अर्ज लवकर भरला जाईल. तरीही रांग फार लांबत असेल, तर जास्त स्मृती भाड्याने घ्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, फिरत्या तबकडीकडे हजारात एकदा नव्हे, तर दहा हजारांत एकदा जावे लागले, तर काम किती पट मंदावेल? उत्तर ११ पट येते का, ते ताडून पाहा. शाळेत लिनक्सचा संगणक असल्यास शिक्षकांच्या मदतीने ‘व्हीएमस्टॅट’चे आकडेही वहीत नोंदवा.