'हांव' म्हणणाऱ्याला फ्रेंच जड नाही

दहावीतल्या एका मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर फ्रेंच शब्दांचे उच्चार देवनागरीत लिहून ठेवले होते. मेजासाठीच्या शब्दापुढे तिने लिहिलं होतं 'टेबल'. मी म्हटलं, "बाय, ताक म्हण." ती म्हणाली, "ताक." "आता त्याच ता-ने सुरुवात कर. ताब्ल." जिभेचं टोक दातांना टेकलं आणि शब्द पहिल्याच वेळी नीट आला. फ्रेंचमधला त आपल्यासारखाच दंत्य आहे. तिच्या वहीतला ट इंग्रजीतून आला होता.

गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत फ्रेंच घेणाऱ्या मुलांच्या पालकांकडून मी एक समज सतत ऐकतो: इंग्रजी पक्कं नसेल तर फ्रेंच झेपणार नाही. शब्द ओळखायला इंग्रजीची मदत होते, हे खरं; दोन्ही भाषांत सारखे दिसणारे शब्द हजारोंनी आहेत. पण कानाला आणि जिभेला मदत होते ती घरच्या कोंकणीची नि मराठीची. कोंकणीत मी म्हणजे 'हांव'. तो शब्द म्हणताना आवाज नाकातून जातो आणि जीभ कुठेही टेकत नाही. फ्रेंचला नेमकं हेच हवं असतं. सुंदर म्हणजे 'बो', चांगला म्हणजे 'बों', चांगली म्हणजे 'बॉन'. यातला मधला शब्द शिकवताना इतर ठिकाणच्या शिक्षकांना तास घालवावे लागतात. आमच्या मुलांना 'हांव' आठव म्हटलं की पुरतं.

तू आणि तुम्ही हा भेद फ्रेंचमध्येही आहे. लिंगभेदाची सवय आपल्याला जन्मापासूनची, फक्त वाटणी वेगळी: चंद्र तिकडे स्त्रीलिंगी आहे. आणि ज्या आकड्यांची सगळे धास्ती घेतात, त्यांचा हिशेब आजोबांना विचारावा. फ्रान्समध्ये ऐंशीला 'चार वीस' म्हणतात, सत्त्याण्णवला 'चार वीस सतरा'. विसांनी मोजणाऱ्या जुन्या माणसांना यात नवल वाटणार नाही. (बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदला सरळ स्वतंत्र शब्द आहेत.)

आपली जमेची बाजू कान आणि जीभ, म्हणून ऑनलाइन साधन निवडताना मी पहिल्यांदा बघतो ते त्यात ऐकायला आणि बोलायला किती मिळतं हे. देवनागरीत उच्चार लिहून घेतला की काम झालं, हा दुसरा समज. देवनागरी फ्रेंचच्या बऱ्याच जवळ जाते, पण काही स्वरांपाशी तिचं चालत नाही. फ्रेंच 'तू'मधला स्वर आपला ऊ नव्हे. ओठ ऊ म्हणताना करतो तसे गोल ठेवायचे आणि आतून ई म्हणायचं. तो कागदावर उतरत नाही, कानानेच घ्यावा लागतो. त्यासाठी फोर्वो नावाचं संकेतस्थळ आहे. ती भाषा बोलणाऱ्या माणसांनी एकेक शब्द आपल्या आवाजात तिथे नोंदवला आहे. तीनदा ऐकायचं, मोबाइलवर आपला आवाज रेकॉर्ड करायचा, दोन्ही पाठोपाठ लावायचे. फरक मुलांना स्वतःलाच कळतो, मला सांगावा लागत नाही.

ड्युओलिंगोवर सलग दोनशे दिवस झाले म्हणजे भाषा आली, असंही अनेकांना वाटतं. रोज बसायची सवय लावायला ते चांगलं आहे. पण समोर दिलेल्या पर्यायांतून शब्द ओळखणं वेगळं आणि रिकाम्या पानावर तोच शब्द आठवणं वेगळं. आठवणं पक्कं करायला मला आंकी हे कार्डांचं ॲप अधिक उपयोगी वाटतं. जो शब्द अडतो तो लवकर परत येतो, जो येतो तो लांबणीवर जातो. संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ते फुकट आहे. कार्डं मात्र स्वतः बनवावीत आणि नाम कधीही एकटं लिहू नये. त्याचं लिंग सांगणारा छोटा शब्द त्याच्यापुढे असलाच पाहिजे.

गूगल ट्रान्सलेटमधून उत्तरं उतरवणारी मुलंही असतात. मराठीतून फ्रेंचला जाताना यंत्राची वाट बहुधा इंग्रजीवरून जाते आणि इंग्रजीत तू, तुम्ही, आपण सगळे एकच. मग मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्रात अरे-तुरे उमटू शकतं. शब्द अडला तर लारूसचा शब्दकोश ऑनलाइन उघडा आहे.

चांगलं फ्रेंच शिकायला पणजी गाठावी लागते, हा समज एकेकाळी खरा होता. गोवा विद्यापीठात फ्रेंचचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं आणि त्याची जागा कुठलंही ॲप घेणार नाही. पण पायाभरणी घरी होऊ शकते. टीव्ही५माँद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर नवशिक्यांच्या ए१पासून वरच्या बी२पर्यंतच्या पातळ्यांचे व्हिडिओ आणि त्यांवरचे सराव मोफत आहेत. आरएफआय हे फ्रान्सचं आंतरराष्ट्रीय रेडिओ केंद्र सोप्या फ्रेंचमध्ये दहा मिनिटांच्या बातम्या देतं, सोबत लिखित मजकूरही. तो मजकूर आधी उघडायचा नाही. पहिल्या आठवड्यात फक्त देशांची नावं कळतात, मग आकडे, मग क्रियापदं.

प्रमाणपत्राबद्दलचा घोळ तेवढा वेळीच मिटवावा. ॲपने दिलेला कागद म्हणजे डेल्फ नव्हे. डेल्फ ही फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची परीक्षा आहे. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं यांना प्रत्येकी 25 गुण, उत्तीर्ण व्हायला 100 पैकी 50, आणि एकाही भागात 5 पेक्षा कमी चालत नाहीत. एकदा मिळालेलं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. कॅनडासाठी दिली जाणारी टेफ परीक्षा वेगळी, तिचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो.

वहीतलं ते शेवटचं पान त्या मुलीने फाडलं नाही. चुकलेला प्रत्येक उच्चार खोडून त्याशेजारी तिने आपल्या ओळखीचा एकेक शब्द लिहिला आहे. सगळ्यात वर 'ताक', खाली 'हांव'. गोल ओठांच्या त्या स्वरापुढे अजून काही लिहिलेलं नाही. तिथे तिने कानाचं छोटं चित्र काढलं आहे.