व्हॉल्व्ह सील स्वस्त, पण चूक महाग

हेड कसं उघडायचं ते व्हिडिओत दाखवलंय. इथे फक्त सीलबद्दल.

रात्रभर उभी बाइक सकाळी चालू केली की निळसर धूर येतो आणि थोड्या वेळाने थांबतो? बहुतेक व्हॉल्व्ह सील कडक झालेत. पिकअप घेताना सतत धूर येत असेल तर रिंगही तपासा.

नवीन सील लगेच बसवू नका. स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह सीटवरून थोडा उचलून आडवा हलवून बघा. प्ले जास्त असेल तर गाईड गेलंय, नवीन सील टिकणार नाही. सुरुवातीला घरी काम करताना मी हे बघितलंच नाही. महिन्याभरात गाडी परत! हेड फुकट खोललं, गॅस्केटही माझ्याच खिशातून.

गाईड ठीक असेल तर आधी लॅपिंग, पेस्ट पूर्ण धुवायची, मग सील. सील गाईडवर सरळ दाबा, हातोडी नको. व्हॉल्व्हच्या दांडीला ऑइल लावा, लॉकच्या खाचेवर पातळ प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर सीलची कड फाटते. काढलेलं सील परत वापरायचं नाही.

गाईड बदललं तर सीट कटिंगही लागतं, म्हणजे मशीन शॉपचा खर्च. म्हणून गाईड तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाला फायनल रेट सांगू नका.