गाभण मेंढीचा शेवटचा दीड महिना सांभाळा, कोकरू दमदार निघेल

वर्धा : मेंढी साधारण १५० दिवस गाभण राहते, पण पोटातल्या कोकराची वाढ या दिवसांत सारखी होत नाही. जन्मावेळच्या वजनातलं दोन तृतीयांश वजन शेवटच्या सहा आठवड्यांत चढतं.

जानेवारी-फेब्रुवारीत फळलेल्या मेंढ्यांचे हे आठवडे उन्हाळ्यात येतात. तेव्हा कपाशीची उलंगवाडी झालेली असते, धुऱ्यावरचं गवत वाळलेलं असतं. मेंढी दिवसभर फिरते, पण पोट भरत नाही. मग ती अंगावरची चरबी झिजवते. कोकरू हलकं जन्मतं, चीकही कमी येतो. असं कोकरू पहिल्या दोन-तीन दिवसांतच दगावू शकतं. जगलं तरी मागं पडतं, कारण मांसाच्या तंतूंची संख्या पोटातच ठरते. नंतरच्या खुराकानं ती वाढत नाही.

म्हणून चराईवरून आल्यावर तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार टाकावं. सोबत मेंढीमागे रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक द्यावा : मक्याचा भरडा, सरकी ढेप, तुरीची चुनी. सुरुवात ५० ग्रॅमनं करून आठ-दहा दिवसांत वाढवावा. एकदम दिला तर पोट बिघडतं.

जुळं असेल तर गरज आणखी जास्त. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेच्या ‘नारी सुवर्णा’ मेंढ्यांत जुळी जास्त होतात, त्यांच्याकडे खास लक्ष हवं. शेवटच्या दिवसांत मेंढी कळपातून बाजूला राहिली, खाणं सोडलं, दात खायला लागली, तर लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

कोकरू जन्मलं की तासाभरात चीक पाजायलाच पाहिजे.