भोसरीच्या गच्चीवर: व्हिप की लूप?

मंडळी, भोसरी-चाकण पट्ट्यात शॉर्टवेव्ह ऐकताना आपल्याला नडते ती खरखर. कारखान्यांतले मोटारींचे ड्राइव्ह, वेल्डिंगचे इन्व्हर्टर, घरातले एलईडी दिवे, सगळेच ती सोडतात. 31 मीटर बँडसाठी पाव तरंगलांबीची तार जवळजवळ 8 मीटर. फ्लॅटमध्ये जागा कुठली? मग उरतात दोन अँटेना. ॲक्टिव्ह व्हिप चहूकडून घेतो, खरखरसुद्धा. त्याला उंची नि चांगलं अर्थिंग हवं. मीटरभर व्यासाचा उभा लूप फिरवता येतो. त्याचं तोंड खरखरीकडे केलं की ती दबते. आयनांबरावरून तिरपं उतरणारं स्टेशन बहुधा टिकतं. म्हणून आपण लूप निवडू. पण आधी घरचा मेन स्विच बंद करून बॅटरीवर रेडिओ ऐका. खरखर थांबली, तर चोर घरातच!